पागेतल्या अक्कांचा मुराळी

सातारा-सांगलीच्या मुलखात जेवढ्या म्हणून झपाटलेल्या इमारती आहेत, त्या सगळ्यांत पुढच्या दाराने, राजरोस आणि दिवसाउजेडी येणं-जाणं असलेला एकच माणूस मी पाहिला आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. बाकीचे लोक अशा जागेवरून जाताना रामनाम घेतात, झपाझप पावलं उचलतात, नाहीतर सरळ लांबची वाट धरतात. आमचे आतोबा वाट वाकडी करून तिकडे जायचे. ओळखीच्या माणसाच्या गावावरून त्याला न भेटता पुढे निघताना आपल्याला जसं चोरट्यासारखं होतं, तसं त्यांना एखादा पडका बुरूज किंवा ओस बंगला टाळून जाताना व्हायचं. पहिल्या लढाईत ते बसऱ्यापर्यंत जाऊन आले होते, हवालदार म्हणून पेन्शनीत निघाले होते, आणि साताऱ्याच्या अलीकडे कृष्णाकाठच्या आपल्या गावात थोडा ऊस, एक म्हैस आणि माझी आत्या ह्या तिघांच्या धाकात राहत होते. तिघांकडून सवड मिळाली की खाकी कोट अंगात चढवायचा, पटका बांधायचा, बुटांना तेल लावायचं आणि भुतांच्या भेटीला निघायचं, हा त्यांचा क्रम.

भूत हा शब्द माझा. आतोबांसमोर तो काढायची सोय नव्हती. अमकी जागा झपाटलेली आहे असं कुणी म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत आणि ते म्हणत, "झपाटल्याली काय म्हणतोस? त्या घरात अजून माणूस हाय, एवढंच म्हण." त्यांचं शास्त्र साधं होतं. माणूस जातो, पण त्याचं एखादं काम अडून राहतं. कुणीतरी येऊन विचारपूस करावी एवढ्यासाठी तो थांबतो, आणि लोक विचारायचं सोडून पळत सुटतात. मग त्यानं दारं आपटू नयेत तर काय करावं? देवऋषी आणि मांत्रिक ह्या मंडळींवर तर त्यांचा दात होता. दारी आलेल्या पाहुण्याला लिंबं मारून हाकलणारी ही कसली माणसं, असं ते तावातावाने विचारत, आणि आत्या आतून ओरडून सांगे की पाहुणा आपल्या दारी आलेला नाही, आपणच त्याच्या दारी जाऊन बसताय.

भुतं पाहायला लोक अमावास्येची मध्यरात्र निवडतात, हे आतोबांना उघडउघड असभ्यपणाचं वाटे. रात्रीचं कुणाच्या घरी जायचं असतं का? घरातली माणसं दमलेली असतात, निजानीज झालेली असते. म्हणून ते ऊन कलल्यावर, चहाच्या वेळी जात. उंबऱ्याबाहेर बूट काढून ठेवत, दोनदा खाकरत आणि "हायसा का घरात?" असं विचारून थोडं थांबत. मग आत जाऊन कोट सावरून जमिनीवर मांडी घालत, चंची सोडून पान जुळवत, आणि एक पान समोर ठेवून आपल्याकडचा पहिला प्रश्न विचारत, "पावणं, गाव कंचं?" उत्तर येई की नाही हे मला ठाऊक नाही. पण पान खाऊन होईपर्यंत आतोबा मान हलवत बसलेले मी स्वतः पाहिले आहेत, आणि बाहेर आल्यावर त्यांचा चेहरा एखाद्या आजाऱ्याला भेटून आल्यासारखा दिसे.

साताऱ्याच्या छावणीकडे एका गोऱ्या साहेबाचा ओस बंगला होता. साहेब व्हरांड्यात येरझाऱ्या घालतो आणि चिडला की काठी आपटतो, असं तिथला माळी सांगे. आतोबा गेले, पाय जुळवून सलाम ठोकला, आणि बसऱ्याच्या हिंदीत साहेबाला लढाई संपल्याची वर्दी देऊन आराम करायला सांगितलं. जाता जाता मागची एक झडप वाऱ्याने आपटताना दिसली, तीही सुतळीने बांधून टाकली. त्यानंतर काठीचा आवाज बंद झाला तो कायमचा. पुढे हा किस्सा सांगताना आतोबा सुतळी लपवत नसत, पण ती फार घाईने सांगून टाकत. सांगलीत माझ्याकडे आले की नदीवरच्या पडक्या जकात चौकीवर त्यांचा फेरा ठरलेला. तिथला मेलेला कारकून माणसाला अडवतो अशी वदंता होती, आणि म्हणून हळदीच्या पेठेतले धट्टेकट्टे हमालही त्या बाजूने फिरकत नसत. आतोबा चौकीच्या ओट्यावर आपली पिशवी रिकामी करून दाखवत. भाकरी, ठेचा, एक धोतर, आणखी काही नाही साहेब. मग माझ्याकडे वळून मला डबा उघडायला लावत, कारण नियम तो नियम. ज्या पेढीवर मी नोकरीला होतो तिथून परत येताना मी कित्येक वेळा वांग्याची उरलेली भाजी एका मेलेल्या सरकारी माणसाला दाखवली आहे.

गडावरच्या पहारेकऱ्याची गोष्ट तर आमच्या घराण्यात अजून सांगतात. एका गडाच्या दरवाज्यात पूर्वीच्या राज्यातला पहारेकरी अजून उभा असतो, दिवस कलला की "कोण हाय" म्हणून पुकारतो, म्हणून गुराखी त्या दाराने गुरं नेत नसत. आतोबांना ह्याचं नवल वाटलं नाही, राग आला. राजे गेले, राज्य गेलं, आणि ह्या गड्याची बदली करायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही! एका सकाळी ते गडावर गेले, दरवाज्यात ताठ उभे राहिले आणि खड्या आवाजात म्हणाले, "बदली आली. जा गड्या, भाकरी खा." इथवर सगळं ठीक होतं. पण पहारा एकदा हाती घेतला की पुढची बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा पलटणीचा कायदा त्यांच्या हाडीमाशी मुरलेला. ते उभेच राहिले. दुपार टळली तरी उभे. कुणा गुराख्याने खाली येऊन सांगितलं तेव्हा आत्या पदर खोचून गड चढली, धापा टाकत त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी आले बदलीला. निघा आता. म्हस खोळंबलीया." आतोबांनी तिला सलाम केला आणि मुकाट्याने खाली उतरले. उतरताना आत्या एवढंच म्हणाली, की साऱ्या मुलखाच्या बदल्या करत हिंडता, मी चुलीपाशी उभी आहे ती काही कुणाला दिसत नाही. त्या संध्याकाळच्या भाकऱ्या आतोबांनी थापल्या आणि त्या म्हशीने खाल्ल्या.

तर असा हा माणूस. त्याचं हसू येई, आणि हसून झालं की थोडी माया वाटे, ह्यापलीकडे आम्ही कुणी त्याचा फारसा विचार केला नव्हता. तो करायची वेळ आली ती दुसरी लढाई चालू होती त्या वर्षांत, माझ्या बायकोच्या शाळेमुळे.

आमची मंडळी मराठी सातवीची फायनल पास होती. हे ती विसरत नसे आणि मलाही विसरू देत नसे. सांगलीपासून सायकलीच्या अंतरावरच्या, कृष्णाकाठच्याच एका गावात मुलींची शाळा निघाली आणि तिथे तिची मास्तरीण म्हणून नेमणूक झाली, तेव्हा आम्ही त्याच गावात बिऱ्हाड केलं आणि मी रोज सायकलीने पेढीवर जाऊ लागलो. गावाने शाळेला जागा दिली ती पागेची. जुन्या कुणा सरदाराची घोडी तिथे बांधत. काळ्या दगडाची लांबलचक इमारत, एकामागून एक कमानी, आणि भर उन्हाळ्यातही आत गारवा. गावात तिच्याइतकी भक्कम इमारत दुसरी नव्हती आणि तिच्याइतकी रिकामीही नव्हती, कारण शेवटच्या कमानीत बाई बसते. कुणाला ती तिन्हीसांजेला दिसली होती, कुणाला भर दुपारी, पण वर्णन सगळ्यांचं एकच होतं. डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर, मांडीवर गाठोडं आणि तोंड वाटेकडे. गाठोड्यात काय आहे ह्यावर गावात दोन तट होते. एक म्हणे मोहरा आहेत, दुसरा म्हणे मेलेलं मूल आहे.

शाळा मृगात उघडली. फळा आला, घंटा आली, पाट्या आल्या, पोरी आल्या नाहीत. आमची मंडळी घरोघर फिरली आणि भूतबीत काही नसतं हे तिने बायकांना पटवून दिलं. बायकांना ते लगेच पटे. "न्हाईच की बाई, कुठलं आलंय भूत," असं म्हणून त्या तिला चहा देत, आणि पोरीला आज जरा कसकस आहे, उद्या धाडते, असं सांगत. असे पुष्कळ उद्या गेले. तपासणीचे साहेब येऊन रिकामा वर्ग बघून गेले, आणि नागपंचमी झाली की पुन्हा येईन, तोवर मुली बसलेल्या दिसल्या नाहीत तर शाळा उचलून दुसऱ्या गावाला देऊ असं बजावून गेले. त्या दिवशी घरी आल्यावर ती रडली. चिडलेली मी तिला रोज पाहत होतो, रडलेली तेव्हा पहिल्यांदा पाहिली. लहानपणी शाळेत घालावं म्हणून तिने घरात जेवण सोडलं होतं, आणि आता ह्या गावातल्या पोरी शेणाच्या पाट्या डोक्यावर घेऊन लांबूनच घंटेकडे बघत उभ्या राहतात, हे तिला सोसत नव्हतं.

मी आतोबांना बोलवायचं सुचवलं. तिने एका अटीवर मान्य केलं. ह्या बाबतीत त्यांचा शब्द मोठा आहे ना, मग त्यांनी पागेत जावं, बाहेर यावं आणि गावासमोर "इथे काही नाही" एवढं एकच वाक्य बोलावं. आतोबा आले. कोट, पटका, बूट. बूट बाहेर काढले, दोनदा खाकरले, शेवटच्या कमानीत जाऊन बसले, पान लावलं. आमची मंडळी रिकाम्या वर्गाच्या टेबलापाशी हाताची घडी घालून बघत होती. पुष्कळ वेळाने ते उठले, तिच्यापाशी आले आणि अतिशय काळजीने म्हणाले, "सूनबाई, ही कुठल्या गावची?" त्या क्षणी तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिचं वर्णन मी इथे करत नाही.

पुढचे काही दिवस आतोबा गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या ओट्यांवर बसून राहिले. सगळ्यांत जास्त बसले पाटलाच्या आईपाशी. ती गावात सगळ्यांत वडीलधारी. तिला तिच्या आजेसासूने सांगितलेलं आठवत होतं. बाई पागेदाराची बायको, सातारकडची. लग्न होऊन आली आणि पागेदार घोडी घेऊन खाली कर्नाटकात मोहिमेवर गेला, तो परत आला नाही. मुलगा येईपर्यंत सून माहेरी जायची नाही असा सासऱ्याचा हुकूम. पुढे दुष्काळ पडला, माहेरची माणसं कुठे पांगली ती पांगली, आणि एका श्रावणात त्या कमानीतच ती गेली. नाव कुणाला आठवत नव्हतं. गावाचं म्हणणं, ती अजून नवऱ्याची वाट बघते आहे.

आतोबांना ते पटत नव्हतं. संध्याकाळी आमच्याकडे जेवायला बसले असताना भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ते म्हणाले, की नवरा गेला कर्नाटकात, म्हणजे खालच्या अंगाला. ही बसते ती वरच्या अंगाला तोंड करून, कऱ्हाड-सातारच्या वाटेकडे. मग ही नवऱ्याची वाट बघणारी बाई कशी? आमची मंडळी तव्यावर भाकरी टाकत होती, तिने वळूनही पाहिलं नाही. आतोबांनी तिला विचारलं, "सूनबाई, श्रावणात गठुडं बांधून दारात बसलीस का न्हाई तू कवा?"

तिचा हात तव्याजवळ थांबला. बसली होती. कोण बसत नाही? लग्नाच्या पहिल्या वर्षी पंचमीला तिचा भाऊ मुराळी म्हणून तिला माहेरी न्यायला यायचा होता, ओढ्याला पाणी आल्यामुळे त्याला उशीर झाला, तर ही सकाळपासून गाठोडं मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसून होती आणि कुणी हाक मारली तरी वाटेवरून डोळे काढत नव्हती. आमच्या आत्याला न्यायला मी जातो तेव्हा वळणावरूनच मला ती तशी बसलेली दिसते, आणि आत्या तर आता साठीला टेकली आहे.

"मोहरा न्हाईत आन् पोरबी न्हाई," आतोबा म्हणाले. "लुगडं-चोळी हाय त्यात. मुराळ्याची वाट बघतीया ती. एवढी सालं भावाचा उपास धरून बसलीया, आन् आपण तिला भूत म्हणतोय."

आमच्या मंडळींनी पदराने डोळे पुसले आणि धूर फार झालाय म्हणून मला खिडकी उघडायला सांगितली. भाकरी करपली होती, ती आम्ही तशीच खाल्ली.

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी आतोबा अंघोळ करून, शिदोरीचं फडकं काखेला मारून पाटलाच्या वाड्यात गेले आणि मुराळ्याने बसावं तसं सोप्यात घोंगडीवर बसले. म्हणाले, आमच्या अक्काला न्यायला आलोय. सातारच्या वाटेवरची ती आमची लेक, आणि तिच्या सासरचं आता कुणी राहिलेलं नाही, तेव्हा गाव हेच तिचं सासर आणि पाटील तुम्ही तिचे वडीलधारे. धाडता का? पाटील मोठा हुशार माणूस, पण मुराळी समोर बसला की सासरच्या माणसाची जीभ आपसूक चालते. त्याने आतोबांना गूळपाणी दिलं, जेवून जायचा आग्रह केला, आणि सवयीने बोलून गेला, "न्या की. पर गौरीच्या आत आणून घाला."

दाराशी उभ्या असलेल्या आमच्या मंडळींचा चेहरा पांढरा पडला, कारण गौरीला बाई परत येणार म्हणजे गौरीला शाळा पुन्हा रिकामी. पाटलाच्याही ते ध्यानात आलं, पण शब्द गेला होता आणि तो पाटलाचा शब्द होता. आतोबांनी गुळाचा खडा खाली ठेवला. ते हळू आवाजात म्हणाले, "न्हाई पाटील. ही लेक आता माघारी धाडत न्हाई आमी. लय दिस नांदली तुमच्यात."

सासरच्या माणसाला तोंडावर असं सांगणं म्हणजे सोयरीक मोडल्यासारखंच. पाटील घोंगडीवरून उठायला लागला, तोच आतून त्याची आई भिंतीला धरत बाहेर आली. "नांदली रं बाबा, लय नांदली," ती म्हणाली. "जाऊं दे तिला. पर माझ्या गावातनं रिकाम्या ओटीनं न्हाई जायाची."

मग जे झालं ते गावाच्या रीतीनेच झालं. पाटलाची आई ओटी भरायला निघाली म्हटल्यावर गावातल्या बायकांना घरी बसणं शक्य नव्हतं. खण, नारळ, तांदूळ घेऊन त्या पागेशी आल्या आणि पहिल्या कमानीशी थबकल्या. म्हातारी आमच्या मंडळींचा दंड धरून सरळ शेवटच्या कमानीत गेली, दगडावर खण पसरला, नारळ ठेवला, ओंजळभर तांदूळ घातले आणि म्हणाली, "सांभाळून जा बाई." तिच्या मागून दुसरी गेली, मग तिसरी. ओटी भरताना आपल्याकडच्या बायकांना रडायला कारण लागत नाही, इथे तर ते होतं. ज्यांच्या सासरच्यांनी त्या वर्षी माहेरी धाडलं नव्हतं त्या तर हमसून हमसून रडल्या. मग डोळे पुसून, इतक्या लांब आलोच आहोत तर म्हणून, पागेच्या गारव्यात टेकल्या. त्यांच्या पदराला धरून आलेल्या पोरी आधी दगडी खांबांमागून बघत होत्या, मग टेबलापाशी आल्या, मग पाट्यांपाशी. आमच्या मंडळींनी फक्त पेन्सिली काढून ठेवल्या.

आतोबांनी सगळी ओटी नव्या फडक्यात बांधून गाठोडं खांद्याला लावलं आणि कमानीकडे बघून म्हणाले, "चला अक्का." वेशीपर्यंत सगळ्या बायका पोचवायला आल्या.

त्यांना त्यांच्या गावापर्यंत पोचवायचं काम माझ्याकडे आलं. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं आणि सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मागे लावलेली ती शेगडी फुंकून फुंकून क्लीनर काळा होई आणि चढ लागला की उतारूंना उतरून ढकलावं लागे. अशा त्या मोटारीत आतोबांनी माझं एक, आपलं एक आणि अक्कांचं एक तिकीट काढलं आणि खिडकीची जागा अक्कांना दिली. मोटार गच्च भरली होती. क्लीनरने त्या रिकाम्या जागेवर एका गृहस्थाला बसवायचा प्रयत्न केला, तेव्हा आतोबांनी तिकीट दाखवलं आणि माहेरी निघालेल्या बहिणीला उठवणार का, असं विचारलं. लोक हसले. हसता हसता विचारायला लागले, आणि आतोबांनी सगळी हकीकत सांगितली. ती सांगून संपेपर्यंत कुणी हसत नव्हतं. पुढे एक लेकुरवाळी बाई चढली, तिला उभं बघून आतोबा कासावीस झाले. शेवटी खिडकीकडे वाकून काहीतरी पुटपुटले आणि तिला म्हणाले, बसा, अक्का सरकून घेते म्हणाल्या. ती बाई अर्ध्या जागेवर अंग चोरून बसली आणि कऱ्हाडपर्यंत तशीच बसली. चढाला आम्ही सगळे मोटार ढकलायला उतरलो तेव्हा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने खिडकीशी जाऊन, तुम्ही नका उतरू बाई, असं अदबीने सांगितलेलं मी ऐकलं.

कऱ्हाडला मोटार कोळसे भरायला थांबली. आतोबा गाठोडं घेऊन नदी दिसेल अशा जागी जाऊन उभे राहिले. कोयना येऊन मिळाली होती, पाणी दुथडी गढूळ होतं. मी त्यांना तिथेच विचारलं, की आतोबा, खरं सांगा, तुम्हाला ती दिसते का? त्यांनी गाठोडं ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"भूत असतं का न्हाई ते देवाला म्हाईत, पावणं," ते म्हणाले. "वाट बघणारं माणूस असतं, एवढं खरं." मग पाण्याकडे बोट करून म्हणाले, "ही किस्ना आमच्याकडनं येती आन् तिच्या सासरावरनं जाती. पाणी तेवढं माहेरचं मिळालं तिला."

गावी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मला भीती होती ती आत्याची. आजवरची भुतं निदान आपापल्या घरी होती, हे तर आतोबांनी घरी आणलं होतं, आणि तेही दुसऱ्या दिवशी सण असताना. आत्या उंबऱ्यात उभी होती. आतोबांनी चाचरत चाचरत सांगायला सुरुवात केली. पागा, सासऱ्याचा हुकूम, वाटेकडे तोंड, मांडीवर गाठोडं. गाठोड्यापाशी आल्यावर आत्याने त्यांना हाताने गप्प केलं. त्यांच्या खांद्यावरच्या नव्या फडक्याकडे पाहिलं, त्यांच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं आणि ती आत निघून गेली. आतोबा माझ्याकडे बघत राहिले. गडाच्या दारात दिवसभर उभा राहिलेला हा माणूस त्या क्षणी इतका घाबरलेला दिसला की मला त्यांचा हात धरावासा वाटला.

आत्या बाहेर आली ती भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन. तिने आतोबांवरून तुकडा ओवाळला, माझ्यावरून ओवाळला. मग एक पाऊल बाजूला सरकली, डोक्यावरचा पदर पुढे ओढला, तिथल्या मोकळ्या जागेवरून तुकडा ओवाळून टाकला, जमिनीवर पायांपाशी पाणी घातलं आणि वाकून नमस्कार केला.

"या वन्सं," ती म्हणाली. "लय दिस लागलं यायला."

मग आतोबांच्या खांद्यावरचं गाठोडं काढून घेऊन ती आत गेली आणि दोघी बायकांत तुमचं काय काम, बाहेर बसा, असं त्यांना बजावलं. आतोबा ओट्यावर बसले. कोटाच्या बाहीने डोळे पुसत होते आणि कोळशाचा धूर फार लागला असं मला सांगत होते. त्या वर्षी आत्या माझ्याबरोबर माहेरी आली नाही; दुसऱ्या दिवशी तिने दारात झोका बांधला तो दोघींना बसता येईल असा.

साहेब तपासणीला आले तेव्हा पागेत पोरी पाढे म्हणत होत्या. ती शाळा अजून तिथेच भरते, आणि शेवटच्या कमानीत जागा मिळावी म्हणून पोरी भांडतात, कारण तिथून वाट दिसते.

स्वराज्य आलं त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात आतोबा गेले. ध्यानीमनी नसताना, गोठ्यात म्हशीपाशी. त्यानंतरच्या पंचमीला मी आत्याला न्यायला गेलो. वळणावरून पाहिलं तर ती उंबऱ्यात गाठोडं घेऊन बसलेली होती, नेहमीसारखी. घर मागे अगदी सुनं दिसत होतं. मी विचारलं, कुलूप कुठे आहे? ती म्हणाली, कुलूप कशाला, घरात माणसं आहेत. तिने दार नुसतं ओढून घेतलं, फटीशी तोंड नेलं आणि आत सांगितलं, "वन्सं, चार दिस जाऊन येते मी. तुमच्या भावाला वेळेवर वाढा तेवढं."

मी तिचं गाठोडं उचललं आणि आम्ही सांगलीच्या वाटेला लागलो.